आवक क्रमांक मागणारी बाई

पत्रकार बाई राजकारणात आली की तिच्याबद्दल दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. तिला बोलता येतं आणि तिच्या ओळखी असतात. मला या दोन्ही गोष्टी दुय्यम वाटतात. बोलता तर सोलापूरच्या मंगळवार बाजारात भाजी विकणाऱ्या बाईलाही येतं, तेही मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषांत. ओळखी ठेकेदाराच्या जास्त असतात. महापालिका, सिव्हिल हॉस्पिटल, पोलीस ठाणं, जिल्हाधिकारी कार्यालय असा फेरा काही वर्षं रोज केलेल्या बाईकडे एक वेगळी सवय असते. हे कोण म्हणालं, कधी म्हणालं, सही कुणाची आहे, हे कळल्याशिवाय ती उठत नाही. अर्ज दिला की ती पोच घेते, पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक, म्हणजे कार्यालयाच्या नोंदवहीतला क्रमांक, आहे का ते बघते, तारीख डायरीत उतरवते. बायकांच्या हक्कांचं काम या सवयीवर चालतं, असं माझं ठाम मत आहे.

सोलापुरात वर्तमानपत्र आणि चळवळ यांच्यात भिंत कधीच नव्हती. १८६७ साली सुरू झालेलं ‘कल्पतरू’ इथलंच. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे कामगारांचे पुढारी होते आणि ‘गझनफर’ हे पत्र चालवत. पुरुषांसाठी ही वाट जुनी आहे. बायकांसाठीही ती अगदी नवी नाही. पतीच्या निधनानंतर तानूबाई बिर्जे यांनी १९०६ च्या सुमारास ‘दीनबंधू’ या पत्राचं संपादन हाती घेतलं. अवंतिकाबाई गोखले १९१७ मध्ये चंपारणला गेल्या, १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं, त्याच वर्षी हिंद महिला समाज उभा केला, आणि पुढे मुंबई महापालिकेत बसणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्या होत्या. लेखणी, संघटना आणि सभागृह या तिन्ही गोष्टी एका बाईनं एका आयुष्यात केल्या, त्याही बायकांना सरसकट मतदानाचा हक्क मिळण्याच्या आधी. अवंतिकाबाईंचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

आता आजच्या सोलापूरकडे येऊ.

जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीला लागलेल्या बाईच्या वाट्याला पहिल्यांदा येते ती पुरवणी. हळदीकुंकू, शाळांची स्नेहसंमेलनं, मंगळागौर, पाककृती. महापालिका आणि गुन्हे ही दोन खाती बहुधा पुरुषांकडे, कारण त्या बातम्या रात्री उशिरा येतात आणि घरी जाण्याची सोय कुणी बघत नाही. तालुक्याला तर आणखी अवघड. अक्कलकोट, मोहोळ, सांगोला इथल्या वार्ताहराला मानधन नावापुरतं असतं, कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिरात देणार कोण? साखर कारखाना, पतसंस्था, वाढदिवस असलेला पुढारी. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची त्याच्याच दारात दिवाळी अंकाच्या जाहिरातीसाठी उभं राहायचं. तालुक्याला बाई वार्ताहर का टिकत नाही, याचं मुख्य कारण मला हे वाटतं. घरच्यांचा विरोध त्यानंतर येतो.

पण पुरवणीचा एक फायदा असतो आणि तो पुरुष सहकाऱ्यांना कळत नाही. पुरवणीसाठी फिरणारी बाई घरात शिरते. स्वयंपाकघरात बसून बोलते. पाणी रात्री दोनला येतं, चावीवाला ठरलेल्या वेळेला व्हॉल्व्ह फिरवत नाही, मुलीची शाळा सातवीनंतर का सुटली, सासऱ्यांच्या नावावरचं घर कुणी विकायला काढलंय, हे सगळं तिला ठाऊक होतं. यातलं छापून फार थोडं येतं. छापून आलेलंही दुसऱ्या दिवशी शिळं होतं. तिसऱ्यांदा तीच बातमी लिहिताना बाईला वाटू लागतं की हा प्रश्न जिथे सुटतो त्या टेबलापाशीच जावं. राजकारणाची ओढ अशी लागते.

त्या टेबलापाशी जायची वाट मात्र कागदांच्या डोंगरातून जाते. सोलापूर महापालिकेत १०२ जागा, त्यातल्या ५१ बायकांच्या. राज्यानं २०११ मध्ये कायदा बदलून निम्म्या जागा राखीव केल्या तेव्हापासून हे प्रमाण आहे. कुठली जागा महिलेची हे सोडतीत ठरतं. सोडत निघाली की पंधरवड्यात सगळी धावपळ, आणि बाईचे कागद नेमके इथेच अडतात. मतदारयादीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनकार्डवर तिसरंच. हे जुळवायला राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला लागतो, आणि दोन्ही आठ दिवसांत मिळत नाहीत. ज्या बाईला कधीतरी उभं राहायचं आहे तिनं ही दुरुस्ती वर्षभर आधी करून ठेवावी.

जागा जातीसाठी राखीव असेल तर सोलापुरात एक खास अडचण येते. जात वडिलांकडून धरली जाते, सासरकडून नाही. त्यामुळे जात वैधता प्रमाणपत्रासाठी वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेच्या दाखल्यांपर्यंत जावं लागतं. इथल्या हजारो सुनांचं माहेर विजयपूर, कलबुर्गी किंवा तेलंगणातलं आहे. त्यांची जात दोन्ही राज्यांत एकच असली तरी दुसऱ्या राज्याच्या दाखल्यावर इथली राखीव जागा लढवता येत नाही, आणि इथे लग्न झाल्यानंही तो हक्क मिळत नाही. महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा मागतात तो मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या-त्या वर्गासाठी सरकारनं ठरवलेल्या तारखेच्या, आधीचा : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. हे न बघता बाईला उभं करतात, ती निवडून येते, आणि मग पद रद्द होतं. पाडाव करायला टपलेल्या माणसाला हेच हवं असतं.

याशिवाय १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य नको, शपथपत्रात मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती हवी, निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं हवं, रोजचा खर्च रोज दाखवायला हवा. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब दिला नाही तर पुढच्या तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते, आणि ही अट हरलेल्या उमेदवारालाही आहे. हरलेल्या बायका हिशेब देत नाहीत, कारण पावत्या नवऱ्याच्या किंवा दिराच्या खिशात असतात आणि निकालानंतर त्या माणसाचा रस संपलेला असतो. पावत्यांची पिशवी उमेदवार बाईच्या हातात राहिली पाहिजे.

अर्ज भरण्याआधी पत्रकार बाईनं आणखी एक गोष्ट करावी : नोकरीचा राजीनामा द्यावा, आणि अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र, असेल तर ती माहिती कार्यालयात परत करावी. ‘निवडणूक झाल्यावर बघू’ म्हणून पत्रिका खिशात ठेवणाऱ्या आहेत. एका हातानं बातमी लिहायची आणि दुसऱ्या हातानं प्रचारपत्रक वाटायचं, यात वाचकाची फसवणूक आहे. जुने सहकारी भीड म्हणून तिची बातमी छापत राहतात आणि तिलाही ते गोड वाटतं. हे गोड वाटणं वेळीच थांबवलं नाही तर पाच वर्षांत ती नुसती प्रतिक्रिया देणारी बाई होऊन बसते.

निवडून आल्यावर पहिल्या आठवड्यात दोन वस्तू तयार होतात, लेटरपॅड आणि रबरी शिक्का. लेटरपॅडवर छापलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा, म्हणजे पुढची पाच वर्षं प्रभाग कोण चालवणार ते कळेल. नंबर तिचा स्वतःचा हवा. शिक्का तिच्या पर्समध्ये हवा. कोऱ्या लेटरपॅडवर सही करून ठेवायची नाही, कितीही घाई असली तरी. रहिवासी दाखल्यापासून ठेकेदाराच्या शिफारशीपर्यंत काहीही त्या कोऱ्या पानावर उतरू शकतं आणि चौकशीत सही तिचीच असते.

सभागृहाची भाषा शिकायला पत्रकार बाईला वेळ लागत नाही, कारण पत्रकार कक्षातून तिनं ती ऐकलेली असते. विषयपत्रिका आली की भाषण लिहायला बसायचं नाही, मागच्या सभेचं इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं याची अधिकृत नोंद, आधी वाचायचं. आपण सुचवलेली उपसूचना इतिवृत्तात आली आहे का, आली असेल तर शब्द तेच आहेत का? ‘करण्यात यावे’ आणि ‘करण्याबाबत विचार व्हावा’ यांच्यात एका स्वच्छतागृहाचं आयुष्य असतं. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होतं. त्या क्षणी हरकत घेतली नाही तर विषय संपला. ठराव झाला तरी पुरेसं नाही. ज्या ठरावाला लेखाशीर्ष नाही, म्हणजे अंदाजपत्रकात ज्यासाठी पैसे कुठून येणार हे लिहिलेलं नाही, तो ठराव फायलीत पडून राहतो. लेखाशीर्ष असलं तरी पुढे तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक अशी वाट असते. कुठल्या टप्प्यावर फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस आहे, हे लिहून ठेवणं बातमीदारीच आहे. शासनाला ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करता येतो, तेव्हा कायद्याबाहेरचा गोड ठराव करून टाळ्या घेण्यात अर्थ नाही.

पैशांबद्दल एक गोष्ट प्रत्येक नगरसेविकेला पाठ हवी. बांधील खर्च वजा जाता उरलेल्या अंदाजपत्रकातले ५ टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. जिल्हा परिषदेत स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के. हे पैसे वाया जाण्याची तऱ्हा ठरलेली आहे. महिला व बालकल्याण समिती उशिरा नेमली जाते, सभापतीची मुदत वर्षाची, विषय ठरेपर्यंत दिवाळी, निविदा फेब्रुवारीत, आणि ३१ मार्च जवळ आला की जे पटकन विकत घेता येतं ते घेतलं जातं : शिलाई मशीन, ब्यूटी पार्लरचं प्रशिक्षण, सायकली. शिलाई मशीन वाईट नाही. पण सोलापुरात गणवेश आणि टॉवेल शिवणाऱ्या युनिटमध्ये वेगाची औद्योगिक मशीन लागते, पायानं चालवायच्या साध्या मशीनवर शिकलेल्या बाईला तिथे काम मिळत नाही, आणि घरी शिवायला पुरेसं गिऱ्हाईक नसतं. मशीन वर्षभरात शेजारणीला विकली जाते. सभापतीनं एप्रिलमध्येच गरजेची यादी मागितली, जूनपर्यंत अंदाजपत्रक करून घेतलं आणि ऑगस्टला निविदा काढली, तर याच पैशांत पाळणाघर होऊ शकतं, बायकांचं स्वच्छतागृह होऊ शकतं.

स्वच्छतागृहाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याच कामात चांगल्या नगरसेविका हरताना दिसतात. बांधकाम होतं, फीत कापली जाते आणि दोन महिन्यांत कुलूप लागतं. कारण पाण्याचं गणित केलेलं नसतं. सोलापुरात नळाला पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड आलेलं आहे. बाजारपेठेतलं बायकांचं मुतारीघर दिवसाला २०० जणी वापरतात असं धरलं आणि प्रत्येकीमागे अडीच लिटर, तर रोजचे ५०० लिटर झाले. पाच दिवसांचे २,५०० लिटर, फरशी धुण्याचं पाणी वेगळं. वर टाकी बसवतात १,००० लिटरची, कारण अंदाजपत्रकात तोच आकडा छापील असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकी कोरडी, तिसऱ्या दिवशी वास, चौथ्या दिवशी दुकानदारांची तक्रार, पाचव्या दिवशी कुलूप. म्हणून मागणी करतानाच लिहून द्यायचं : ३,००० लिटरची टाकी, किंवा बोअरची जोडणी, किंवा टँकरच्या खेपेची तरतूद. दाराला आतून कडी, पिशवी अडकवायला खुंटी, पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि तो रोज उचलणारं माणूस. प्रवेश पुरुषांच्या बाजूनं नको, आणि पानटपरीच्या समोरही नको, नाहीतर बायका येत नाहीत. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे देखभालीचा करार बांधकामाच्या निविदेबरोबरच हवा, किमान तीन वर्षांचा. बांधायला पैसे मिळतात, सांभाळायला मिळत नाहीत. दिवसभर पाणी न पिता भाजी विकणाऱ्या बायकांना लघवीच्या जळजळीचा, किडनीचा त्रास होतो. हा रस्ता-गटाराइतकाच मूलभूत प्रश्न आहे, आणि त्यावर सभागृहात बोलताना कुणी हसलं तर ते इतिवृत्तात नोंदवायला लावावं.

सोलापुरात बायकांच्या हक्कांची गोष्ट विडीवाचून पुरी होत नाही. पूर्वभागात अशोक चौक, दत्तनगर, नीलम नगर, तिकडे कुंभारीकडे विडी घरकुल. गल्लीत शिरलं की उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कातरायचं, तंबाखू भरायची, वळायची, सुतानं बांधायची, तोंड दुमडायचं. २५ विड्यांचा एक कट्टा, ४० कट्ट्यांच्या हजार विड्या, आणि मजुरी ठरते ती हजारावर. हात बसलेल्या बाईला हजाराला आठ-दहा तास लागतात, आणि त्यात घरातल्या लहान मुलीचे हात असतातच.

कारखान्यातून पान, तंबाखू, सूत मोजून मिळतं. पान कमी पडलं किंवा फाटकं निघालं तर ते बाई पदरच्या पैशांनी बाजारातून आणते, कारण विड्यांची संख्या पुरी झाली पाहिजे. मग तपासणीत छाट निघते, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, ज्यांची मजुरी मिळत नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याखालच्या नियमांत छाट साधारणपणे ५ टक्क्यांच्या वर नको असं धरलेलं होतं. हजाराला ५०. प्रत्यक्षात १०० काढली तर सहा दिवसांत ६०० विड्यांची मजुरी गेली, म्हणजे आठवड्यातून अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ फुकट राबणं. इथे नगरसेविका किंवा आमदार आपल्या अधिकारानं फारसं काही करू शकत नाही, हा विषय कामगार खात्याचा. पण माजी बातमीदार एक गोष्ट करू शकते. एका गल्लीतल्या वीस बायकांना साधी वही देऊन महिनाभर रोज चार आकडे लिहायला लावायचे : मिळालेलं पान, दिलेल्या विड्या, छाट, मजुरी. महिन्याअखेर त्या वहीच्या प्रती जोडून सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. ‘छाट फार काढतात’ हे वाक्य टेबलावर टिकत नाही. सहाशे ओळींच्या नोंदी टिकतात. आता तो जुना कायदा नव्या श्रमसंहितांत सामावला आहे, त्यामुळे तक्रारीत कोणतं कलम लिहायचं ते आधी वकिलाकडून किंवा युनियनकडून तपासून घ्यावं. जुन्या कलमावर आलेला अर्ज परत करणं सोपं असतं.

त्याहून मोठं दुखणं भविष्य निर्वाह निधीचं. तीस वर्षं विड्या वळलेल्या बाईचे पैसे अडकतात ते नावात. तेलुगू घरात आडनाव आधी लिहितात, कारखान्याच्या हजेरीपटावर मराठी कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं, आधारवर नवऱ्याचं नाव मधे, जन्मतारीख माहीत नाही म्हणून १ जानेवारी. तीन कागद, तीन बायका. दुरुस्तीसाठी संयुक्त घोषणापत्र लागतं, त्यावर मालकाची सही लागते, आणि तोवर कारखान्याची ती शाखा बंद झालेली असते किंवा ठेकेदार बदललेला असतो. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. हजार रुपये किती तोकडे आहेत हे वेगळं सांगायला नको, पण ते हक्काचे आहेत. प्रसूती रजेच्या पैशांसाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याचा पुरावा हवा, आणि तो पुरावा म्हणजे कारखान्याचं पुस्तक. ते पुस्तक कारखान्यातच ठेवून घेतात अशा जागा आहेत. ते बाईच्या घरी असलं पाहिजे, एवढी एक गोष्ट जरी कुणी लावून धरली तरी मोठं काम होईल. विडी घरकुलात कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं महिला विडी कामगारांची दहा हजार घरं उभी राहिली, ती अशाच चिवट पाठपुराव्यातून. या शहराला ते जमलेलं आहे.

घरातल्या मारहाणीचे फोन नगरसेविकेला रात्री येतात. बहुतेक जणी दोन्ही घरच्या माणसांना बोलावून समजूत घालतात. मला यात धोका दिसतो. समजूत घालताना काहीच लिहिलं जात नाही, आणि पुढच्या वेळी बाईच्या हातात पुरावा नसतो. आधी सिव्हिलमध्ये नेऊन तपासणी, केसपेपरवर मारहाणीची नोंद, मग संरक्षण अधिकाऱ्याकडून घरगुती घटना अहवाल, ज्याला कार्यालयात डीआयआर म्हणतात. समजूत त्यानंतरही घालता येते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सांगतो की अर्ज न्यायालयात आल्यापासून पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि त्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात महिने लागतात, म्हणून अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात हवी : राहत्या घरातून न काढण्याचा आदेश आणि पोटगी. घर नवऱ्याच्या नावावर नसलं तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क बाईला आहे, हे तिच्या सासरच्यांना कुणीतरी शांतपणे सांगावं लागतं. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या बाईचा जबाब मराठीत लिहिला जातो, तेव्हा सही किंवा अंगठा घेण्याआधी तो तिला तिच्या भाषेत वाचून दाखवायला लावायचा. ‘ढकललं’ आणि ‘गळा दाबला’ यांतला फरक भाषांतरात हरवला की कलम बदलतं.

बलात्काराच्या घटनेनंतर पुढारी मंडळी कॅमेरा घेऊन घरी जातात. पत्रकारितेतून आलेल्या बाईला हे माहीत असलंच पाहिजे की पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली, आणि मूल असेल तर पॉक्सो या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याखालीही. नाव गाळलं तरी गल्ली, वडिलांचा धंदा आणि शाळा मिळून ओळख पटतेच. भेटायला जावं, एकटीनं जावं, फोन पर्समध्ये ठेवावा.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती, दहाहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. यंत्रमागाचं शेड, कापड दुकान, डॉक्टरांचं छोटं क्लिनिक, घरकाम, आणि हो, जिल्हा वर्तमानपत्राचं चार माणसांचं कार्यालय, ही सगळी स्थानिक समितीकडे येतात. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, कारण दाखवून आणखी तीन महिने मिळू शकतात, चौकशी ९० दिवसांत. समिती कागदावर असते. तिचा पत्ता, फोन आणि सदस्यांची नावं प्रभागातल्या किती बायकांना माहीत आहेत? माहिती अधिकाराचा एक अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत : समितीची मुदत कधी संपते, गेल्या तीन वर्षांत किती बैठका, किती तक्रारी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील. या एका अर्जानं झोपलेल्या समितीची मुदतवाढ होते आणि पाटी भिंतीवर लागते.

बालविवाह, देवदासी, विधवांच्या प्रथा हे विषय ग्रामीण भागाकडे ढकलायची शहरी सवय आहे. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे यांनी विधवाप्रथेविरुद्ध ठरावाचा आग्रह धरला, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं पहिला ठराव केला आणि पाठोपाठ शासनाचं परिपत्रक आलं. मूळ धडपड आपल्या जिल्ह्यातली आहे, हे सोलापूरकरांनी अभिमानानं सांगावं. शहराच्या प्रभागातही असे ठराव व्हायला हवेत.

शेवटी एका अडचणीबद्दल, जिच्याकडे राजकीय पक्ष लक्षच देत नाहीत. दर निवडणुकीत आरक्षणाची सोडत नव्यानं निघते. आज महिलेची असलेली जागा पुढच्या वेळी खुली होते, आणि पाच वर्षं राबलेल्या बाईला तिकीट मिळत नाही. २०२२ पासून तर जवळजवळ चार वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते; त्या काळात कित्येक नगरसेविकांनी सुरू केलेले विषय कुठल्या टेबलावर थांबले हे सांगायला कुणी उरलं नाही. म्हणून तिनं पहिल्या वर्षापासूनच एक नोंदवही ठेवावी. डावीकडे विषय, मग ठराव क्रमांक आणि तारीख, लेखाशीर्ष, फाइल शेवटची कुठे गेली, आपल्या पत्राचा आवक क्रमांक, आणि प्रभागातल्या ज्या बाईमुळे हा विषय आला तिची संमती असेल तर तिचं नाव. या नोंदवहीच्या दोन प्रती असाव्यात. मुदत संपली की एक प्रत पुढच्या नगरसेवकाला द्यायची, पक्ष कोणताही असो, आणि दिल्याची पोच घ्यायची. दुसरी प्रत प्रभागातल्या महिला मंडळाकडे किंवा युनियनच्या कार्यालयात ठेवायची, म्हणजे नव्या माणसानं ‘असा विषय कधी आलाच नव्हता’ म्हटलं की तिथली कुणीही बाई ती उघडून क्रमांक वाचून दाखवू शकेल.